जुना फोन मिरवता, पण सांभाळता येतो का?

बसा. फोन बाकावर ठेवा, मला दिसतील असे. जर्नल बंद करा. आज डायोड, ट्रान्झिस्टर काही नाही, आज तुमचीच चाचणी आहे.

काल मधल्या सुट्टीत जिन्यावर तुम्ही पाचसहा जणांनी पहिल्या वर्षाच्या एका मुलीला घेरून जे दिवे लावलेत, ते मी वरच्या पायरीवरून ऐकलं. तिच्या वडिलांनी हप्त्यावर नवा फोन घेऊन दिलाय. ती कौतुकाने दाखवायला आली आणि तुम्ही तिची तोंडी परीक्षा घ्यायला बसलात. जॅक कुठाय? कार्ड कुठे घालायचं? मागचं झाकण काढून दाखव. नाही निघत? मग हा फोन तुझा कुठे, हा तर कंपनीचा! असं म्हणून एकमेकांना टाळ्या दिल्यात. ती काही न बोलता फोन बॅगेत टाकून निघून गेली. तिचे वडील अंबरनाथच्या कारखान्यात पाळी करतात. दर महिन्याचा हप्ता कसा निघतो हे त्या घराला ठाऊक. तुम्हाला त्याचं काय! तुम्ही पडलात शौकीन.

तुमच्या आवडीवर माझा राग नाही, हे आधी सांगून ठेवतो. दर रविवारी संध्याकाळी फडके रोडला तुमचा कट्टा जमतो, कोण कुठला जुना सेट घेऊन आला याची चढाओढ चालते, हे मला माहीत आहे. डोंबिवली लहान गाव आहे, मास्तरला सगळं दिसतं. राग आहे तो तुमच्या अर्धवटपणावर. जुना फोन चांगला का, हे तुम्हाला धड सांगता येत नाही. मोबाइलवर कुणाचा तरी व्हिडिओ बघायचा आणि तेच पोपटासारखं बोलायचं. उथळ पाण्याला खळखळाट फार. म्हणून तुमची बाजू आज आधी मी मांडतो. ती नीट ऐका, मग तुमचा समाचार घेतो.

जॅकपासून सुरू करू. 7 सप्टेंबर 2016 रोजी ॲपलने आयफोन 7 आणला आणि त्यातून इअरफोनचा जॅक काढून टाकला. कंपनीचे फिल शिलर यांनी मंचावरून त्याला धाडस म्हटलं. त्याच मंचावर, त्याच दिवशी बिनतारी एअरपॉड्स जाहीर केले. शंभर रुपयांच्या वायरीचं काम हजारो रुपयांच्या कानातल्यांकडे गेलं, तेही असे की त्यांच्या इवल्याशा बॅटऱ्या दोनतीन वर्षांत दमतात आणि बदलता येत नाहीत. सॅमसंगने जाहिरातींत या प्रकाराची टर उडवली आणि 2019 मध्ये नोट 10 मधून स्वतःच जॅक काढला. चार्जरचंही तेच. 2020 मध्ये आयफोन 12 च्या खोक्यातून तो गेला, लोक हसले, आणि 2021 च्या जानेवारीत गॅलॅक्सी एस 21 च्या खोक्यातूनही गेला. एकाने गाय मारली म्हणून दुसऱ्याने वासरू मारलं.

जॅकबरोबर आणखी काय गेलं? सांगा. कुणीही. नाही ना येत? एफएम रेडिओ गेला. इअरफोनची वायर हीच रेडिओची अँटेना असते, हे तुम्हाला मीच पहिल्या वर्षी शिकवलंय. वायर गेली की लहरी पकडायच्या कशाने? आणि रेडिओ म्हणजे फक्त गाणी असं समजू नका. 2019 च्या 26 जुलैच्या रात्री मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पुराच्या पाण्यात अडकली. हजारावर प्रवासी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गाडीत होते. बाहेर उल्हास नदी, आत अंधार. अशा वेळी टॉवर बंद पडला तर नेटवरच्या बातम्या बंद, पण आकाशवाणीची लहर दूरच्या केंद्रावरून येते आणि ती ऐकायला बॅटरीही फार लागत नाही. केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने 2023 मध्ये फोन कंपन्यांना रेडिओ चालू ठेवा असं कळवलं, ते याच कारणाने. हे त्या मुलीला समजावून सांगितलं असतंत तर मी जिन्यावरूनच शाबासकी दिली असती.

आता बॅटरी. पूर्वी नखाने झाकण उघडायचं, दमलेली बॅटरी काढायची, दुसरी बसवायची. आज ती गोंदाने चिकटवलेली असते. कारण काय सांगतात? पाणी शिरू नये म्हणून. अर्धसत्य आहे. 2014 चा गॅलॅक्सी एस 5 आठवा. झाकण हाताने निघायचं, बॅटरी हातात यायची, आणि तरी तो फोन आयपी 67 दर्जाचा होता, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकेल असा. झाकणाच्या आतल्या बाजूला रबराची पातळ कड होती, एवढंच. सॅमसंगचाच 2022 चा एक्सकव्हर 6 प्रो बघा. त्यातही बॅटरी निघते, जॅक आहे, आणि पाण्यापासून बचावही आहे. तेव्हा करता येत नाही असं नाही. फोन पातळ दिसावा, कारखान्यात जुळवणी झटपट व्हावी आणि गिऱ्हाईक चार वर्षांनी पुन्हा दारात यावं, ही तिन्ही गणितं गोंदाने एकदम सुटतात. घरी कुकरची रिंग सैल झाली की आई रिंग आणते, कुकर भंगारात देत नाही. फोनच्या बाबतीत मात्र आपण कुकरच देतोय.

बॅटरी हा फोनचा सगळ्यात आधी म्हातारा होणारा भाग. लिथियम आयनचा सेल साधारण पाचशे वेळा पूर्ण भरून रिकामा झाला की त्याची ताकद ऐंशी टक्क्यांच्या आसपास येते आणि आतला रोध वाढतो. मग कॅमेरा उघडताना प्रोसेसरने एकदम जास्त करंट मागितला की व्होल्टेज कोसळतं आणि फोन बंद पडतो. 2017 च्या डिसेंबरात ॲपलने कबूल केलं की हे टाळायला जुन्या आयफोनचा वेग सॉफ्टवेअरने कमी केला जात होता. उपाय तांत्रिकदृष्ट्या चूक नव्हता. गिऱ्हाइकाला न सांगता केला, हा गुन्हा. फ्रान्सने 2020 मध्ये अडीच कोटी युरोंचा दंड लावला, अमेरिकेत पन्नास कोटी डॉलरपर्यंतची तडजोड करावी लागली. यातलं लक्षात ठेवण्यासारखं मात्र वेगळंच आहे. ज्यांनी बॅटरी बदलली त्यांचा तोच फोन पुन्हा पूर्वीसारखा पळायला लागला. किती लोकांनी त्याआधीच फोन म्हातारा झाला म्हणून नवा घेतला असेल, विचार करा.

आकाराचं म्हणाल तर मला भाषण द्यायची गरज नाही. सकाळी डोंबिवलीहून फास्टमध्ये चढणारा प्रत्येक जण ते जाणतो. एक हात कडीला, बॅग पोटाशी, आणि दुसऱ्या हातात फोन. 2016 चा आयफोन एसई चार इंची होता, अंगठा चारही कोपऱ्यांना पोचायचा. आजच्या पावणेसात इंची फळीला दोन हात लागतात, आणि कळव्यापासून मुंब्र्यापर्यंत दुसरा हात मोकळा कुणाला असतो?

आणि रोम, म्हणजे फोनवर वरून चढवायचं सॉफ्टवेअर. 2017 च्या जानेवारीत आपल्याकडे आलेला रेडमी नोट 4. स्नॅपड्रॅगन 625, 4100 एमएएचची बॅटरी, जॅक, कार्ड, टीव्हीचा रिमोट होणारा इन्फ्रारेड, किंमत दहा हजारांच्या आत सुरू. तुमच्या कट्ट्यावर त्याला अजून 'मिडो' या टोपणनावाने हाक मारतात. कंपनीने त्याचे अपडेट कधीच थांबवले, पण बूटलोडर उघडता येतो, म्हणून जगभरची हौशी मंडळी त्याच्यावर नवी अँड्रॉइड चढवत राहिली. सायनोजेनमॉड 2016 च्या डिसेंबरात बंद पडलं, त्याच कोडमधून लीनिएजओएस उभं राहिलं, ते आजही चालू आहे. जाहिराती नाहीत, न मागितलेले ॲप नाहीत, मालक म्हणेल ते यंत्र करतं.

झाली तुमची बाजू. सगळ्याचं सार एकच. जुना फोन मालकाचं ऐकायचा. उघडता यायचा, भरता यायचा, दुरुस्त व्हायचा, आणि आतलं सॉफ्टवेअरसुद्धा बदलता यायचं. मालकी म्हणतात ती हीच. आता मला सांगा, हे असे मालक तुम्ही आहात का?

तू, तिसऱ्या बाकावरचा, दिव्याहून येणारा. ऊठ. तुझा तो लाडका सेट इथे टेबलावर आण. सगळे जवळ या आणि बघा. मागच्या झाकणाला रबरबँड का लावलंय? झाकण बसत नाही म्हणून. का बसत नाही? आता बघा, मी बोटाने फोनला नुसती टिचकी मारतो. बघितलंत? भोवऱ्यासारखा फिरला. सपाट पाठीचा फोन सपाट टेबलावर गरकन फिरतो, याचा अर्थ पाठीला पोक आलंय. बॅटरी फुगलीय. डाव्या कडेला स्क्रीन फ्रेमपासून सुटायला लागलीय, तिथे नख जातंय. सेलच्या आत वायू धरलाय आणि हा पठ्ठ्या हा फोन रोज खिशात घालून भरल्या डब्यातून ये-जा करतोय, रात्री उशाशी चार्जिंगला लावतोय! काल त्या मुलीला बॅटरी काढून दाखव म्हणणारा हाच. अरे, तुझी बॅटरी काढता येते, मग तू ती काढली का नाहीस?

कुठून घेतलीस? स्टेशनबाहेरच्या टपरीवरून, ओरिजिनल म्हणून. बरं. लेबल वाच मोठ्याने. आयएस 16046 कुठे लिहिलंय? आर आणि पुढे आठ आकडे, हा भारतीय मानक ब्यूरोचा नोंदणी क्रमांक कुठाय? नाही. तुला हे बघायचं असतं हेच माहीत नव्हतं. आणि दहा वर्षांपूर्वी बंद झालेल्या फोनची ओरिजिनल बॅटरी आज येणार कुठून? दोनच शक्यता. एक तर ती तेव्हाच बनलेली आणि गोदामात पडून असलेली. तसं असेल तर लिथियमचा सेल न वापरताही म्हातारा होतो, तो आतून अर्धा संपलेलाच असणार. नाहीतर आजची नक्कल, जिच्यावर वाट्टेल तो आकडा छापतात. मागे असाच एक सेल आपण लॅबमध्ये ठरावीक लोडवर रिकामा करून मोजला होता, आठवतं? छापलेल्याच्या निम्माही भरला नव्हता. म्हणजे तुमच्या जुन्या फोनचा जो सगळ्यात मोठा गुण, तोच आज सगळ्यात मोठी जोखीम होऊन बसलाय, आणि तुम्हाला त्याचा पत्ता नाही.

हा फोन आता चार्जिंगला लागणार नाही. दाबायचा नाही, टोचायचा नाही, बॅटरी सपाट करून बघू असले उद्योग करायचे नाहीत. बंद करून तो त्या वाळूच्या डब्यात जाईल आणि पुढचं मी बघतो. जा, बस.

आता सगळ्यांनी सेटिंग उघडा. अबाउट फोनमध्ये जा. सिक्युरिटी पॅच कुठल्या तारखेचा आहे ते वाचा. मोठ्याने. 2018. 2019. 2016! वा! हे सगळे कुलूप मोडलेल्या घरात राहतायत आणि शेजाऱ्याच्या नव्या दाराला हसतायत. 2017 च्या सप्टेंबरात ब्लूबॉर्न नावाच्या त्रुटी उघड झाल्या. ब्लूटूथ चालू असला की जवळपासच्या माणसाला काही न विचारता, काही न दाबायला लावता फोनमध्ये घुसता येत होतं. अँड्रॉइडसाठी दुरुस्ती त्याच महिन्यात आली, पण ती तुमच्या 2016 च्या पॅचवाल्या फोनला मिळालेलीच नाही. आणि जवळपासचा माणूस म्हणजे किती जवळचा? ठाण्याला संध्याकाळी कल्याण लोकलमध्ये चढा, कळेल.

यावर तुमचं ठरलेलं उत्तर असतं, सर, आमच्या फोनमध्ये चोरण्यासारखं आहेच काय? आहे. तुझ्या सिमवर तुझ्या आईचं बँक खातं जोडलेलं आहे. गॅसचं बुकिंग, तुझं डिजिलॉकर, घरातली सगळी यूपीआय त्या एका नंबरवर चालते. गाडीच्या दारात उभ्या राहणाऱ्याच्या हातावर काठी मारून फोन पाडणाऱ्या फटका टोळ्या या पट्ट्यात किती वर्षं आहेत, हे तुम्हाला मी सांगायला नको. जुना फोन नेला तर गेलं काय, दीड हजार, असं तुम्ही फुशारकीने म्हणता. पण सिमला पिन लावलाय का एकाने तरी? हात वर करा. एकही नाही. चोराने सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घातलं की ओटीपी त्याच्याकडे. नुकसान सेटच्या किमतीवर मोजायचं नसतं रे!

आणि ते रूट करून बँकेच्या ॲपपासून लपवाछपवी करणं. बूटलोडर उघडा ठेवायचा, मग ॲप हटून बसतं, मग त्याला फसवायला आणखी कुणा अनोळखी माणसाचं मॉड्यूल घालायचं. स्वतःच्या तिजोरीच्या चावीचा ठसा परक्याच्या हाती देऊन वर शहाणपण मिरवायचं. हौस करायची तर दोन फोन ठेवा. एकात हौस, दुसऱ्यात पैसे. दुसरा साधा असू दे, पण पॅच चालू असलेला पाहिजे.

नेटवर्कचंही तेच. एकाने एस 5 आणलाय, किती अभिमान! आपल्याकडे सुरुवातीला विकला गेलेला एस 5 थ्रीजीचा होता हे बघितलंस का? खाजगी कंपन्यांनी थ्रीजी जवळजवळ गुंडाळलंय. जिओकडे तर टूजी, थ्रीजी पहिल्यापासून नाहीच, तिथे फोनला फोरजीवरून बोलता आलं पाहिजे. म्हणजे तुझ्या त्या रत्नात जिओचं सिम घातलं तर कॉलही लागणार नाही. 1 जानेवारी 2025 पासून अँड्रॉइड किटकॅटवर व्हॉट्सॲपही बंद झालंय. हे माहीत असूनही जुना फोन वापरायचा तर वापर, माझी ना नाही. पण खोक्यावरची माहिती न वाचता दुसऱ्याच्या फोनला डबा म्हणू नकोस.

सगळ्यात गंभीर गोष्ट आता. या स्वस्तातल्या सेटची बिलं दाखवा. नाहीत. कुठून आणलेत? एका ओळखीच्याकडून. तो ओळखीचा कोण? गप्प. स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबा, आयएमईआय नंबर येईल. मेसेजमध्ये केवायएम लिहा, जागा सोडून तो नंबर टाका आणि 14422 वर पाठवा. सेट चोरीचा म्हणून ब्लॉक झालाय का ते लगेच कळतं. 2023 च्या मे महिन्यापासून संचार साथी पोर्टलवर हरवलेला फोन देशभर बंद करता येतो, हे तुम्हाला ठाऊक पाहिजे. आयएमईआय बदललेला सेट तर हातातही धरायचा नाही. 2023 च्या दूरसंचार कायद्यात त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंड आहे. कुणाच्या तरी हातावर फटका बसून तुमच्या कट्ट्यावर आलेला फोन, आणि त्याच्यावर तुम्ही पर्यावरणाच्या गप्पा मारणार?

हो, पर्यावरण! तोही तुमचा मुद्दा असतो. बरोबर आहे. फोनमुळे होणाऱ्या प्रदूषणाचा मोठा वाटा तो बनतानाच होऊन गेलेला असतो, म्हणून एक फोन जितकी जास्त वर्षं चालेल तितकं चांगलं. जगात 2022 साली सहा कोटी वीस लाख टन ई-कचरा निघाला आणि त्यातला चौथा हिस्साही रीतसर गोळा झाला नाही, असं संयुक्त राष्ट्रांचा 2024 चा अहवाल सांगतो. पण तुमच्यातल्या एकाच्या ड्रॉवरमध्ये आठ सेट पडलेत, वापरात एकच. बाकीचे कशाला? दाखवायला. हे वाचवणं नव्हे, हा साठा आहे. ज्या फोनच्या डिस्प्लेसाठी उल्हासनगरचा कारागीर वणवण करतोय, तो डिस्प्ले तुझ्या ड्रॉवरमध्ये धूळ खातोय.

कारागिराचं नाव काढलं की तुम्ही हसता. उल्हासनगर म्हटलं की लगेच नकली मालाचा, मेड इन यूएसएचा तो जुना विनोद. हसा. पण एकदा त्या गल्लीत उभं राहून बघा. डोळ्याला मायक्रोस्कोप, डाव्या हातात चिमटा, उजव्या हातात हॉट गन. डेड सेट आला की तो आधी डीसी सप्लायला लावतो आणि करंट किती ओढतो ते बघतो. बटण न दाबताच काटा चढला तर बोर्डावर शॉर्टिंग आहे. मग बोर्डावर रोझिनचा धूर देतो, पांढरा थर बसतो, थोडं व्होल्टेज सोडतो, आणि जिथला थर आधी वितळतो तो कॅपॅसिटर गुन्हेगार. तांदळाएवढाही नाही तो, चिमटीने उचलला आणि सेट चालू. डिप्लोमा नाही, इंग्रजी नाही, पण ओहमचा नियम त्याच्या बोटांत आहे. तुमच्या फक्त जर्नलमध्ये आहे, आणि तोही दुसऱ्याचा उतरवलेला. ज्याच्या जिवावर तुमचे जुने फोन जगतायत त्याच्याकडे दोनशे रुपयांसाठी घासाघीस करता, आणि नव्या कव्हरला पाचशे मोजता.

रोमचंही तसंच. कुठल्यातरी देशातला कुणीतरी नोकरी सांभाळून रात्री जागतो आणि तुमच्या नोट 4 साठी कोड लिहितो, फुकट. तुम्ही फ्लॅश करता आणि ब्लूटूथ चालत नाही म्हणून त्याला शिव्या घालता. एकाने तरी लॉग जोडून नीट तक्रार नोंदवलीय? लीनिएजओएसची मराठी भाषांतरं स्वयंसेवक करतात, त्यात एक ओळ घातलीय कुणी? आयत्या बिळावर नागोबा!

आणि कायदा? त्याचं तर तुम्हाला नावही ठाऊक नाही. 2021 मध्ये फ्रान्सने दुकानात फोनवर दुरुस्तीचे गुण लिहिणं सक्तीचं केलं. युरोपीय संघात 20 जून 2025 पासून नव्या फोनचे सुटे भाग मॉडेलची विक्री थांबल्यानंतरही सात वर्षं मिळाले पाहिजेत, आणि सॉफ्टवेअर किमान पाच वर्षं. बॅटरी मालकाला काढता यावी असा त्यांचा नियम 18 फेब्रुवारी 2027 पासून लागू व्हायचा आहे. आपल्या ग्राहक व्यवहार विभागाने 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्याच डिसेंबरात पोर्टल काढलं. फोनला दुरुस्तीचे गुण द्यावेत असा अहवाल 2025 च्या मे महिन्यात सरकारकडे गेलाय. तुम्हाला जे जुन्या फोनमध्ये आवडतं ते नव्या फोनमध्ये परत आणायचा रस्ता हा आहे. ज्यांना या विषयाचं एवढं वेड आहे त्यांनी ग्राहक हेल्पलाइनला, 1915 ला, एकदा तरी सुटा भाग मिळत नाही अशी तक्रार केलीय का? नाही. एका गरीब मुलीला जिन्यावर गाठणं त्यापेक्षा सोपं होतं.

नव्याचंही न्यायाने बोलू. 2023 चा पिक्सेल 8 आणि 2024 चा गॅलॅक्सी एस 24 यांना सात वर्षं अपडेट द्यायचं वचन कंपन्यांनी दिलंय. तुमच्या त्या सुवर्णकाळात दोन वर्षांनी वाऱ्यावर सोडत होते, विसरलात? त्या मुलीचा फोन दहाबारा हजारांचा आहे, त्याला सात वर्षं मिळणार नाहीत. पण आज तुमच्या सगळ्यांपेक्षा ताजा पॅच कुणाच्या फोनवर आहे? तिच्याच. तो पाचसहा वर्षं कसा टिकेल हे तिला शिकवलंत तर ते तुमच्या छंदाचं सार्थक. उन्हात चार्ज करू नकोस, कायम शंभर टक्क्यांवर ठेवू नकोस, बॅटरी दमली की फोन न बदलता बॅटरी बदलून घे, बिल जपून ठेव. चार वाक्यं. तीही तुम्हाला सुचली नाहीत.

जुनं ते सोनं म्हणणाऱ्याने कसोटीही जवळ बाळगावी. तुमच्याकडे ती नाही, म्हणून आता ती मी देतो. लिहून घ्या.

आज सुट्टी व्हायच्या आत तुम्ही सगळे त्या मुलीची माफी मागाल, त्याच जिन्यावर, दात न काढता. मी पाहायला येणार नाही, पण मला कळेल.

सोमवारी येताना प्रत्येकाने आपल्या फोनची बॅटरी निघत असेल तर तिचं विनालोड आणि लोडवरचं व्होल्टेज मोजून आणायचं, लेबलचा फोटो काढायचा. फुगलेली असेल तर तिला हात न लावता मला सांगायचं. आयएमईआय तपासल्याचा मेसेज वर्गात दाखवायचा, आणि ज्याचा सेट ब्लॉक निघेल त्याने तो माझ्याबरोबर पोलीस चौकीत द्यायचा. सिमला पिन आजच, आता, माझ्यासमोर.

ड्रॉवरमधले जास्तीचे सेट लॅबमध्ये जमा. चालू होतील ते दुरुस्त करून ज्यांना पाहिजे त्यांना देऊ, बाकीचे सुटे भाग काढून नोंदणीकृत ई-कचरावाल्याकडे जातील. भंगारवाल्याकडे किलोवर नाही, तो बोर्ड जाळतो आणि धूर कुणाच्या तरी वस्तीत जातो.

शेवटचं. त्या जमा झालेल्यांपैकी एकेक डेड सेट मी प्रत्येकाला देईन. महिनाभराची मुदत. चालू करून आणा. नाही झाला तर कागदावर लिहा, कुठला भाग गेला, कशावरून ठरवलंत, काय मोजलंत. चुकीचं निदान चालेल, मोजमापाशिवायचं निदान चालणार नाही. ज्याचं हे काम होईल त्याने मग खुशाल जुन्या फोनवर बोलावं, मी पहिल्या बाकावर बसून ऐकेन. बाकीच्यांनी या विषयावर तोंड उघडायचं नाही. चला, सेटिंगमध्ये सिम लॉक शोधा.